वरच्या अंगाचं पाणी

मार्च लागला की माझ्या टेबलावर नद्या येऊन पडतात. स्पायरल बाइंडिंग केलेल्या, रंगीत झेरॉक्सच्या नकाशांसकट. भूगोलाच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रोजेक्ट. कुणी उल्हास घेतलेली असते, कुणी वालधुनी, कुणी भातसा. डोंबिवलीच्या आमच्या कॉलेजात स्टाफरूमचा पंखा तेव्हा फुल्ल असतो आणि पानं उडू नयेत म्हणून मी प्रत्येक नदीवर एकेक दगड ठेवते. सह्याद्रीतून वेळोवेळी उचलून आणलेले काळे दगड. हातात घेतले की गार लागतात, उन्हाळ्यातसुद्धा.

यंदा सायलीने काळू नदी घेतली. काळू माळशेजच्या कड्यांखालून निघते, मुरबाडच्या अंगाने वाहत येते आणि आमच्या शहाड-टिटवाळ्याच्या बाजूला उल्हासला मिळते. सायलीने तिच्या वरच्या खोऱ्यातल्या विहिरींची यादी केली होती. ठिकाण, खोली, एप्रिलातलं पाणी. मी पेन्सिलीने बरोबरच्या खुणा करत खाली सरकत होते. सातव्या ओळीवर पेन्सिल थांबली.

स्थानिक नाव : मॅडमची विहीर. खोली बावन्न फूट. कोरडी.

"हे नाव कसलं गं?" मी विचारलं.

"माहीत नाही मॅडम, तिथे सगळे तेच म्हणतात," सायली हसत म्हणाली. "कुणीतरी मॅडम आलेली म्हणे कॉलेजमधून. तिने जागा दाखवली, फुल कॉन्फिडन्समध्ये. फेकून गेली म्हणे."

"बरं," मी म्हटलं आणि सही केली.

ती मॅडम मी. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, आणि मला मॅडम म्हणणारी ती पहिली माणसं होती.

त्या वर्षीचा फाल्गुन-चैत्र अजून माझ्या नाकात आहे. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची म्हणून जागोजाग पालापाचोळ्याचे राब पेटलेले, त्यांचा धूर दिवसभर दरीत साचून राहायचा. त्यात मोहाच्या फुलांचा गोड, जरासा आंबूस वास. काळूच्या पात्रात पाणी नव्हतंच. पांढरे पडलेले गोटे, मधूनच एखादा हिरवा डोह, आणि पायाखाली इतका तापलेला कातळ की बुटाच्या तळातून चटका बसावा. दुपारी समोरचे कडे धुरकट निळे व्हायचे, जवळ असूनही लांब गेल्यासारखे.

मी तिथे नदीचा उतार मोजायला गेलेले. उगमाकडे ती किती पायऱ्या उतरते, कुठे उडी मारते, कुठे पसरते आणि का. कारण म्हटलं तर साधंच. हा सगळा मुलूख लाव्ह्याच्या थरांवर थर बसून तयार झाला, मग कधीतरी तो उचलला गेला. पश्चिमेकडे तुटलेली कडा राहिली, पूर्वेकडे हळूहळू उतरत जाणारं पठार. म्हणून एकाच डोंगरावर पडलेल्या पाण्यातलं पूर्वेकडचं रमतगमत अख्खा देश ओलांडून दुसऱ्या समुद्राला मिळतं, आणि आमच्याकडचं कड्यावरून कोसळून थोड्याच वाटेत खाडीला लागतं. ज्या भागात छत्री टिकत नाही इतकं कोसळतं, त्याच भागात होळीनंतर बायका हंडे घेऊन चालतात, ते यामुळे. पाण्याला थांबायला सवडच नाही.

थांबतं ते खडक थांबवतो तिथे. काही थर कठीण, काही भोकाभोकांचे, ठिसूळ. कठीण थराशी नदी पायरी धरून बसते, धबधबा होतो. आणि कुठेकुठे या आडव्या थरांना चिरत खालून वर आलेली एखादी उभी भिंत असते. जमीन फाटली, त्या फटीत लाव्हा घुसला, थिजला. पुस्तकात तिला डाइक म्हणतात. हिरूताईच्या घरामागे अशी एक होती. नदीच्या दोन्ही काठांवरून सरळ आडवी गेलेली, कुणी मुद्दाम रचल्यासारखी काळी, चौकोनी दगडांची. गावात तिला काळी भिंत म्हणत.

हिरूताईकडे मी राहायचे. पन्नाशीची असेल तेव्हा, उंच, चालताना एकही पाऊल वाया न घालवणारी. घरात ती आणि तिचा मुलगा दिलीप. दिलीप माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा, बारावीनंतर शिकायचं राहून गेलेलं. पहिल्या संध्याकाळी मी ओट्याजवळ अर्ध्याहून जास्त बादली ओतून पाय आणि मोजे धुतले. दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत नदीवर गेले तेव्हा ते पाणी कुठून येतं ते दिसलं. पात्रातल्या वाळूत हातभर खड्डा, त्याला डवरा म्हणतात. तळाला वाटीभर पाणी जमायची वाट बघायची, ते वाटीने हंड्यात ओतायचं, परत वाट बघायची. एक हंडा भरायला मावळतीची सावली कातळाच्या या टोकापासून त्या टोकाला गेली. माझ्या मोज्यांबद्दल ती एक शब्द बोलली नाही. "पोरी, सावलीत बस," एवढंच म्हणाली.

या घराला विहीर पाडायची होती. दिलीपने त्यासाठी दोन वर्षं रस्त्याच्या कामावर काढलेली. जागा ठरायची होती. जागा दाखवणारा माणूस घरातलाच होता. हिरूताईचा थोरला भाऊ, गोपाळमामा. वरच्या पाड्यावर राहायचा, पंचक्रोशीत पाणाड्या म्हणून ओळखला जायचा. नारळ, काडी असलं काही तो वापरत नसे. उन्हाळ्यात कुठलं झाड हिरवं राहतं, वारूळ कुठे आहे, गुरं दुपारी कुठे बसतात, एवढं बघायचा आणि गप्प राहायचा. त्याने काळ्या भिंतीच्या वरच्या अंगाला एका उंबराजवळ जागा दाखवलेली. दिलीपला ती पसंत नव्हती. लांब, चढावर, भिंतीच्या पलीकडे. त्याला घराला लागून असलेलं भाताचं खाचर हवं होतं. सपाट जमीन, दारातून चार पावलं.

"मामा अंदाजानं सांगतो," तो म्हणाला. "तुम्ही तर नदीचाच अभ्यास करताय मॅडम. तुम्हीच बघा ना."

मॅडम. हिरूताई चुलीपाशी होती, तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या क्षणापासून तीही मला मॅडम म्हणायला लागली. संध्याकाळी मी हंडा उचलायला गेले तर तिने तो माझ्या हातातून काढून घेतला.

मला यातलं काही येत नाही, असं मी म्हणायला हवं होतं. माझा विषय उतार मोजण्याचा होता, भूजलाचं एक प्रकरण होतं अभ्यासक्रमात आणि ते मी अजून वाचलेलं नव्हतं. पण शहाडच्या चाळीत, आमच्या सगळ्या नात्यागोत्यात, एम.ए.पर्यंत पोचलेली मी पहिली. बाबा कारखान्यातून आले की शेजाऱ्यांना सांगायचे, हिला विचारा, हिला माहीत असतं. माहीत नाही हे दोन शब्द मी घरात कधी उच्चारलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी होकायंत्र घेऊन निघाले. हातोडीने दगड ठोकले, वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते सांगायला लाज वाटते. मी आकडे लिहिले, कसलेच नसलेले. दिलीप दोन पावलं मागे आदबीने चालत होता. डाइक पाणी अडवतो, हे वर्गात कधीतरी कानावर पडलेलं अर्धं वाक्य मला आठवत होतं. म्हणजे पाणी भिंतीजवळ असणार. कुठल्या बाजूला? हा प्रश्न माझ्या मनात आला. मी दिलीपकडे पाहिलं. तो घराकडच्या खाचराकडे बघत होता.

"इथे," मी म्हटलं आणि बुटाने मातीवर फुली मारली.

गोपाळमामा तिथेच बांधावर बसलेला. "बाय," तो मला म्हणाला, अगदी शांतपणे, "पानी वरच्या अंगाला अडतं. बांध घातला तर तू पानी बांधाच्या खाली शोधशील का वर?"

एवढं सरळ कुणीच मला समजावलं नव्हतं, तोवर नाही आणि नंतरही नाही. आणि मी काय म्हणाले? मी हसले. "मामा, जमिनीच्या आत तसं नसतं. तिथे खडकाची रचना बघावी लागते."

मामा उठला. टोपी झटकली. "अरे, चा तरी घे," हिरूताई मागून म्हणाली. तो गेला.

तीन आठवड्यांनी आमची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई वयस्कर होत्या, प्रेमळ होत्या. माझा नकाशा त्यांनी पुढ्यात ओढला. "तुमच्या नदीला आडवा डाइक आहे. मग मला सांगा, भूजल कुठल्या बाजूला मिळेल?"

आदल्या आठवड्यात मी ते प्रकरण पाठ केलेलं. उत्तर जिभेवर तयार होतं. "वरच्या बाजूला, मॅडम. उताराने येणारं पाणी ही भिंत अडवते. खालची बाजू कोरडी पडते."

"व्हेरी गुड," त्या म्हणाल्या आणि काहीतरी लिहिलं.

वाक्य पुरं व्हायच्या आधीच मला कळलं होतं. बोलताबोलताच मला ती फुली दिसत होती, बुटाच्या टाचेने मारलेली. तरी मी वाक्य नीट पूर्ण केलं, शेवटच्या शब्दापर्यंत, स्वच्छ उच्चारात. बाहेर मुली थांबलेल्या. आम्ही सगळ्या कल्याणला जाऊन मिसळ खाल्ली. तिखट होती, डोळ्यांत पाणी आलं तर कुणाला वेगळं वाटलं नाही.

तेव्हा विहिरीचं काम सुरू व्हायचं होतं. अक्षय्यतृतीयेला कुदळ मारायची हे मला ठाऊक होतं. दिलीपचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. एक फोन. दिलीप, माझं चुकलं, मामा म्हणतात तिथे खणा. इतकंच बोलायचं होतं. मी ते वाक्य बसमध्ये म्हणून पाहायचे, आंघोळ करताना म्हणून पाहायचे. मग वाटायचं, उद्या. मग वाटायचं, प्रोजेक्टच्या सरांच्या कानावर गेलं तर? मग वाटायचं, खडक आहे, सांगता येत नाही, लागेलही पाणी. अक्षय्यतृतीया येऊन गेली.

मे महिन्याच्या मध्यावर त्याचाच फोन आला. मागे यारीचा खडखडाट, दगडमाती वर ओढणारं ते यंत्र.

"मॅडम, मुरूम संपला. काळा कातळ लागलाय, लई कडक. सुरुंग लावायला लागतील. मामा बोलतो, थांबा म्हणून. काय करू? जाऊ का पुढं?"

देवाने दिलेली संधी वगैरे म्हणतात, तशी ती होती. थांब म्हटलं असतं तर अर्धं खाचर वाचलं असतं, निम्मे श्रम वाचले असते.

"जा," मी म्हटलं. "अजून थोडं खाली जा."

आवाज माझाच होता. परीक्षेतल्यासारखाच स्वच्छ.

नंतर त्याचे आणखी दोन फोन आले. मी उचलले नाहीत. एकदा आम्ही जेवत होतो, फोन स्टीलच्या ताटाला लागून थरथरत होता. "कोण गं?" बाबांनी विचारलं. "कंपनीवाले," मी म्हटलं. तिसरा फोन आला नाही. विहीर कोरडी गेली हे मला कुणी सांगितलं नाही, कारण मी विचारलंच नाही. न विचारल्याने ती कुठेतरी भरलेली राहू शकत होती, चौदा-पंधरा वर्षं.

नोकरी लागली, शहाड सुटलं, डोंबिवलीत ब्लॉक घेतला. आता मी हे शिकवते. दर वर्षी फळ्यावर उतार काढते, त्याला छेदणारी उभी भिंत काढते आणि वरच्या बाजूला निळ्या खडूने पाणी रंगवते. मुलं वहीत उतरवून घेतात. सोपं आहे, लगेच कळतं. जमीन उचलली गेली की नदीला ते वरपर्यंत एकदम कळत नाही, हेही मी सांगते. बदल खालून सुरू होतो, धबधबा तसूतसूने मागे सरकावा तसा युगानुयुगं मागे सरकत उगमाकडे जातो. माझी गोष्ट मात्र उलटी वाहत आली. वरून खाली, सायलीच्या फाइलमधून.

एप्रिलातल्या एका रविवारी मी कल्याणहून एसटीने मुरबाडला उतरले, पुढे जीप धरली. राब पेटलेले होते. मोह फुललेला होता. त्या वासाने मला आनंद व्हायला नको होता, पण क्षणभर झाला, आणि त्याचीही लाज वाटली.

आधी विहीरच दिसली. कठडा नाही, सगळीकडून झुडपं वाकून आत आलेली. तळाला सुकी पानं, एक चप्पल, दुधाच्या पिशव्या. खणून काढलेल्या दगडांचा ढीग अर्ध्या खाचरावर तसाच पडलेला, त्याच्यावर गवत उगवून वाळलेलं, शेळ्या चढत होत्या. घराजवळचं सगळ्यात चांगलं खाचर होतं ते.

हिरूताई दारातच होती. केस पांढरे झालेले, पाठ मात्र तशीच ताठ. तिने मला ओळखायला वेळ घेतला.

"मॅडम?" ती म्हणाली. मग आत जाऊन तांब्या भरून आणला. "पी. नळ आलाय आता. पावसाळ्यात धो धो येतं." आणि स्वतःच हसली.

दिलीप मुरबाडला कामाला होता, शनिवारी-रविवारी यायचा, त्या दिवशी ओव्हरटाइमला थांबलेला. मला हायसं वाटलं. तेही सांगून टाकते.

मी ओट्यावर बसून सगळं सांगितलं. फुलीपासून फोनपर्यंत. परीक्षेत कळलेलं, ते लपवलेलं, आणि 'जा' म्हटलेलं. ती ऐकत राहिली, हातातल्या चिंचा सोलणं न थांबवता. शेवटी म्हणाली, "दिलीप अजून बोलतो, आपनच कमी पडलो. मॅडम सांगून गेल्या म्हंजे पानी असनारच. दहा फूट अजून गेलो असतो तर लागलं असतं."

शिव्या ऐकायची तयारी करून गेलेले. इतकी वर्षं त्यांनी चूक स्वतःच्या हातांची मानली असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. नाव माझं ठेवलं गावाने. या घराने नाही.

"गोपाळमामा?" मी विचारलं.

आता तिचे हात थांबले. "त्या साली रुसून गेला तो गेला. सुरुंग लावायच्या दिवशी आला व्हता, थांबा म्हनून सांगायला. मी बोलले त्याला. तुला आमचं बरं बघवत नाय, बोलले. सख्ख्या भावाला." ती बाहेर बघत होती. "दिलीपच्या पोराच्या बारशाला पन नाय आला. मी पन नाय गेले. कुठल्या तोंडानं जानार?"

"हिरूताई, माझी चूक—"

"मला नको सांगू," ती म्हणाली आणि उठली. चिंचांची टोपली बाजूला सारली, पदर खोचला. "त्याला सांग. चल."

आम्ही नदीच्या कडेने वर चढलो. ती पुढे, मी मागे. काळ्या भिंतीत एक खिंडार आहे, नदीने पाडलेलं, त्यातून पलीकडे गेलो. उंबर उभा होता, पूर्वीपेक्षा दुप्पट घेराचा. त्याच्याखालची जमीन काळपट, ओली. म्हशींच्या खुरांचे ठसे उमटलेले आणि त्या प्रत्येक ठशात पाणी होतं. एप्रिलमध्ये. हिरूताईने ते पाहिलं, मी पाहिलं. दुसरी विहीर पाडायचं बळ त्या घरात उरलं नव्हतं, हे तिने सांगायची गरज नव्हती. ती चालत राहिली.

गोपाळमामा घराच्या ओट्यावर काथ्याचा दोर वळत बसलेला. फार म्हातारा झालेला. बहिणीला बघून त्याचे हात एकदा थबकले, मग पुन्हा चालू झाले.

"त्याला ऐकू नाय येत," त्याची सून दारातून म्हणाली. "मोठ्यानं बोला."

सबंध वाटेत मी वाक्यं जुळवत आलेले. हलक्या आवाजात बोलायची वाक्यं होती ती. "मामा," मी म्हटलं, "मी ती कॉलेजची मुलगी. विहिरीची जागा दाखवलेली."

"आं?"

मी ओरडून सांगितलं. पलीकडच्या घरातून एक बाई बाहेर आली.

"तुमची जागा बरोबर होती! माझी चुकली!"

"आं?"

"माझी चुकली! मला नंतर कळलं होतं! मी सांगितलं नाही!"

आणखी दोन दारं उघडली. अंगणातली पोरं खेळायची थांबली. मला ते सगळं अजून एकदा, अजून मोठ्याने सांगावं लागलं. परीक्षेत हाच प्रश्न आलेला, मी तुमचंच उत्तर दिलेलं, मग दिलीपचा फोन आला तर त्याला खण म्हटलं. पाड्यातल्या प्रत्येक घराला ऐकू गेलं. फक्त मामाला किती गेलं ते कळत नव्हतं.

त्याने दोर मांडीवर ठेवला.

"मार्क किती दिले?" त्याने विचारलं.

"पैकीच्या पैकी," मी म्हटलं.

"आं?"

"पैकीच्या पैकी!"

तो मान हलवत राहिला, हिशेब लागल्यासारखा. "म्हंजी तुला येत व्हतं," तो म्हणाला. रागाने नाही. बहिऱ्या माणसाच्या मानाने फारच हळू.

मग तो ओट्यावर थोडा सरकला, शेजारची जागा हाताने झाडली आणि हिरूताईला म्हणाला, "बस."

ती बसली. पदराने तोंड पुसत बसली. थोड्या वेळाने तिने त्याच्या मांडीवरचा दोर उचलून दुसरं टोक धरलं, आणि त्याने पुन्हा पीळ द्यायला सुरुवात केली. मला कुणी बस म्हणालं नाही. मीही बसले नाही.